पन्नास, पन्नास आणि वर पंचवीस

प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्याचं नाव लाल झालं, म्हणजे त्याच्यावर वेळेपेक्षा जास्त काम पडलं, की ऑफिसात पहिला विचार येतो तो लाल रंग घालवायचा. त्याच्या युक्त्या सोप्या आहेत, कुणी शिकवाव्या लागत नाहीत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये रिसोर्स शीट उघडायची. प्रत्येक माणसापुढे 'मॅक्स युनिट्स', म्हणजे तो जास्तीत जास्त किती वेळ देऊ शकतो, असा रकाना असतो, त्यात १०० टक्के असतं, तिथे १५० करायचं. नाव लगेच काळं. किंवा एखाद्या कामावरची नेमणूक ५० टक्क्यांवरून ३० वर आणायची आणि कामाचे दिवस मात्र होते तेवढेच ठेवायचे. किंवा माणसाचं नावच काढून तिथे 'ड्राफ्टिंग टीम' लिहायचं. चार जण, म्हणजे ४०० टक्के. टीम सहसा लाल होत नाही. टीममधलं कुणीतरी एक रात्री साडेआठपर्यंत बसलेलं असतं, एवढंच.

मी पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात कोऑर्डिनेशन बघते. आर्किटेक्टकडून प्लॅन आला की तो डिझाइनला, तिथून ड्राफ्टिंगला, मग चेकिंगला, आणि शेवटी 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन'चा शिक्का मारून साइटवर. या वाटेवर कोणतं ड्रॉइंग कुठे अडलंय आणि कधी सुटेल, ते सांगणं माझं काम. आमच्याकडे ड्राफ्टिंगला ताई आहेत. ऑफिसातल्या सगळ्यांच्या त्या ताई, आर्किटेक्ट लोकांच्याही ताईच. आणि आमच्या फाइलमध्ये वर्षातले बरेच महिने लाल असणारं नाव त्यांचंच.

एका उन्हाळ्यातलं उदाहरण घेते. बाणेरची अकरा मजली इमारत, वाघोलीची शाळा आणि तळेगावचा एक बंगला. ताई बाणेरला ५० टक्के, शाळेला ५० टक्के, बंगल्याला २५. बेरीज सव्वाशे. आठ तासांच्या दिवसाचे सव्वाशे टक्के म्हणजे रोजचे दहा तास. हा हिशेब कुणी मुद्दाम मांडलेला नव्हता. तिन्ही कामं वेगवेगळ्या मीटिंगांमध्ये ठरली, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी "ताई आहेत ना" असं म्हणालं. बंगला सगळ्यात शेवटी आला, सरांच्या ओळखीतून. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

त्या पंचवीस टक्क्यांवर जरा थांबायला हवं, कारण खरी गोम तिथे आहे. आकाराकडे बघून कुणालाही वाटेल की अकरा मजल्यांपुढे बंगला तो काय. पण अकरा मजल्यांत तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत मजले सारखे असतात. टिपिकल फ्लोअर. एका स्लॅबचं रीइन्फोर्समेंटचं, म्हणजे सळयांचं, ड्रॉइंग नीट झालं की आठ मजल्यांचं काम उरकतं. बंगल्यात एकही गोष्ट दुसऱ्यासारखी नसते. जिन्याखाली देवघर हवं, मग ते ईशान्येला हवं, मग डबल हाइट दिवाणखाना, मग त्यात झुंबर टांगायचं म्हणून तुळई नको. बिल्डर आठवड्यातून एकदा बदल पाठवतो, बंगल्याचा मालक दिवसातून दोनदा, आणि तेही व्हॉट्सॲपवर, कागदावर पेनाने काढून. फाइलमधले दोन तास हे ड्रॉइंग काढण्याचे. बदल ऐकण्याचे तास कुठल्याच रकान्यात नसतात.

एक दुपार मी त्यांच्या शेजारी बसून पाहिली होती. बाणेरच्या पोडियमचं ड्रॉइंग उघडं. तळेगावचा फोन आला. ताईंनी फाइल सेव्ह केली, बंद केली, वहीत एक ओळ लिहिली: 'ग्रिड डी, बीम १४ च्या स्टिरप बाकी.' (स्टिरप म्हणजे तुळईच्या सळयांना बांधणाऱ्या कड्या.) बंगल्याची फाइल उघडली. एक्सरेफ, म्हणजे फाइलला जोडलेलं मूळ ड्रॉइंग, जुना आहे का नवा ते पाहिलं, लेयर चालू केले, आणि मग नुसत्याच स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, "काही नाही गं. बाणेरला कॉलमचे नंबर डावीकडून वरून सुरू होतात, इथे खालून. डोकं अजून तिकडेच आहे." दहा मिनिटांत बदल झाला. मग बाणेरची फाइल परत उघडली, वहीतली ओळ वाचली, बीम १४ शोधला, आणि त्या स्टिरप आठ एमएमच्या का धरल्या होत्या ते आठवायला डिझाइनरला फोन लावला. काम दहा मिनिटांचं, गेला पाऊण तास. सोफी लरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ साली या प्रकाराला 'अटेन्शन रेसिड्यू' असं नाव दिलं: पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक तुकडा पहिल्याकडेच राहतो. ताईंनी हा पेपर वाचलेला नाही. त्यांना त्याची गरजही नाही.

सॉफ्टवेअरचं सूत्र एका ओळीचं आहे. काम बरोबर दिवस गुणिले युनिट्स. चाळीस तासांचं काम, माणूस पूर्ण वेळ, तर पाच दिवस. माणूस अर्धा, तर दहा. या सूत्रात फाइल बंद करून दुसरी उघडण्याचा खर्च शून्य आहे. चार शेगड्यांवर एकच तवा फिरवत राहिलं तर प्रत्येक ठिकाणी तो आधी तापावा लागतो, हे या सूत्राला ठाऊक नाही.

बरं, तो खर्च खरंच शून्य धरला तरी एकाच वेळी सगळं चालू ठेवण्याचं गणित बसत नाही. समजा चाळीस-चाळीस तासांची तीन कामं आहेत आणि माणूस एक. एकामागून एक केली तर पहिलं पाचव्या दिवशी हातावेगळं होतं, दुसरं दहाव्या, तिसरं पंधराव्या. तिन्ही एकदम सुरू करून रोज थोडं थोडं केलं तर तिन्ही पंधराव्या दिवसाच्या आसपास संपतात. म्हणजे तिसऱ्याचा फायदा काहीच झाला नाही आणि पहिल्या दोघांचं नुकसान झालं. हे मी पांढऱ्या फळ्यावर लिहून दाखवलंय. सगळे माना डोलावतात, आणि जेवणानंतर तिन्ही कामं एकदम सुरू होतात.

ती का होतात तेही उघड आहे. वाघोलीच्या आर्किटेक्टचा फोन आला की "सुरू आहे, निम्म्याच्या वर झालंय" हे उत्तर देता यायला हवं. "अजून हात लावलेला नाही, सहा तारखेला सुरू करून दहाला देतो" हे उत्तर खरं असलं, आधीची तारीख देणारं असलं, तरी ते द्यायला छाती लागते. ऐकणाऱ्यालाही ते झेपत नाही. 'सुरू आहे' या दोन शब्दांसाठी आपण तीन ड्रॉइंगं अर्धी करून ठेवतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता सॉफ्टवेअरमधलं ते प्रसिद्ध लेव्हलिंगचं, म्हणजे जास्तीचा भार सपाट करण्याचं, बटण. नव्या माणसाला वाटतं की 'लेव्हल ऑल' दाबलं की सॉफ्टवेअर भार सगळ्यांवर सारखा वाटून देईल, ताईंचं थोडं काम शेजारच्या मुलाला जाईल. तसं काही होत नाही. ते माणूस बदलत नाही. त्याच्याकडे उपाय दोनच: काम पुढे ढकलायचं, नाहीतर मधेच तोडून उरलेलं पुढे ढकलायचं. म्हणजे एकच. सरकारी ऑफिसात जे 'उद्या या' म्हणून सांगतात, ते हे सेकंदात तारखांसकट सांगतं.

कुणाला पुढे ढकलायचं ते ठरवताना ते कामांचे आपापसातले दुवे बघतं, कोणत्या कामाला किती मोकळीक आहे ते बघतं, तारखा बघतं आणि तुम्ही दिलेला अग्रक्रम बघतं. अग्रक्रमाचा आकडा शून्य ते हजार. काही लिहिलं नाही तर सगळी कामं ५००. हजार लिहिलं तर त्या कामाला हात लावायचा नाही असा अर्थ. आमच्याकडे एकदा सगळ्यांनी आपापल्या कामापुढे हजार लिहून ठेवले होते. बटण दाबलं तर सॉफ्टवेअरने जागचं काहीच हलवलं नाही, फक्त भार कमी करता येत नाही असा निरोप दिला. 'याच तारखेला संपलंच पाहिजे' अशी गाठ मारून ठेवलेल्या कामाचंही तेच, ते त्यालाही हात लावत नाही. आणि महारेराला कळवलेली पझेशनची तारीख असली की बिल्डर त्या तारखेपासून मागे मागे मोजत प्रत्येक ड्रॉइंगला तशीच गाठ मारायला सांगतो.

दुसरी गंमत म्हणजे लाल रंगाचा बारकावा. एका माणसाच्या दोन तासातासाच्या मीटिंगा एकाच दिवशी सकाळी नऊला पडल्या तर त्या दिवशी एकूण काम दोनच तास असूनही नाव लाल होतं, कारण त्या एका तासात तो दोन ठिकाणी आहे. म्हणून लेव्हलिंगच्या सेटिंगमध्ये भार मिनिटाने मोजायचा, तासाने, दिवसाने, आठवड्याने की महिन्याने, ते निवडायची सोय आहे. आमच्या धंद्यात दिवस पुरे. पण महिन्याने मोजलं तर काय दिसतं ते एकदा मुद्दाम बघावं. जवळजवळ कुणीच लाल नसतं. पहिला आठवडा मोकळा, तिसऱ्यात मरमर, महिन्याची सरासरी उत्तम. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनला जातो तो आकडा बहुधा हाच.

सर्वांत चांगली मांडणी शोधून काढणं संगणकालाही जड जातं, हे बऱ्याच लोकांना पटत नाही. दहा सुटी कामं एका माणसाने कोणत्या क्रमाने करायची याच्या शक्यता ३६,२८,८०० होतात. त्यात माणसं दहा आणि कामं तीनशे झाली, एकात एक अडकलेली, तर हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या पंगतीत जातो. त्यामुळे सॉफ्टवेअर ठोकताळ्यांवर चालतं. एकच फाइल मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आणि प्रायमावेरा या दुसऱ्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल केली तर तारखा जुळतीलच असं नाही. जे आलं ते एक उत्तर, एकमेव नव्हे.

हे सगळं असं का झालं याची मुळं जुनी आहेत. १९५७ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे कामांच्या ज्या साखळीवर एकूण मुदत ठरते ती शोधण्याची, पद्धत बांधली, युनिव्हॅक संगणकावर. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही तशीच पद्धत आणली. दोन्हींचा मूळ प्रश्न एकच होता: कशानंतर काय आणि एकूण किती दिवस. माणसं आणि यंत्रं लागतील तेवढी मिळतील असं गृहीत. माणसं मोजकी आहेत हा विचार नंतर जोडला गेला. आजही आपण फाइल तशीच करतो. आधी कामं, मग बाण, मग तारखा, त्या तारखा क्लायंटला मेल, आणि मग सवडीने माणसांची नावं. लाल रंग दिसतो तोवर तारीख देऊन झालेली असते.

आणि गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधी हे उलटं होतं. ज्या हेन्री गँटच्या नावाने आपण त्या आडव्या पट्ट्या ओळखतो, त्याच्या पद्धतीवर वॉलेस क्लार्कने १९२२ साली पुस्तक लिहिलं. त्यात एक तक्ता माणसाचा आहे, एक यंत्राचा, आणि एक खास भाराचा: कोणत्या विभागापुढे किती काम साचलंय याचा. कागदावर, हाताने रेघा मारून. कुणावर किती आहे हे तिथे वेगळं पान होतं. आपल्याकडे ते एका मेनूच्या आत, आणखी एका मेनूच्या आत गेलंय.

आमच्या भाराचं आणखी एक कारण कुठल्याही परदेशी सॉफ्टवेअरच्या डोक्यात येणार नाही. भूमिपूजनं. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकी एक. बाणेरचा बिल्डर, शाळेची संस्था आणि बंगल्याचा मालक एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांनी नारळ फोडला एकाच दिवशी. मग तिघांनाही फुटिंगची, म्हणजे पायाची, ड्रॉइंगं एकाच आठवड्यात हवीत, कारण जून तोंडावर आलेला आणि पावसाच्या आत प्लिंथ, म्हणजे जोतं, वर यायला हवा. खड्ड्यात पाणी साचलं की पंप लावा, माती ढासळते, सगळं महाग. त्यांचं कुणाचंच चुकत नाही. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या बायका आवाहन ते विसर्जन रजेवर, ताईही. मग पितृपक्ष, नवीन काम कुणी सुरू करत नाही, आणि ऑफिसात हवं तेवढं मोकळं. मग दसरा, की पुन्हा नारळ. मी रजा कॅलेंडरमध्ये घालते, पितृपक्ष घालायला रकाना नाही. पण मोकळीक कुठे आहे ते मला माहीत असतं. ज्या पायऱ्यांच्या तपशिलांना, कंपाउंड वॉलला, पाण्याच्या टाकीला घाई नाही, ते सगळं मी तिकडे सरकवते. हातानेच.

माणूस वाढवा, हा सल्लाही मिळतो. त्या उन्हाळ्यात एक मुलगा घेतला, डिप्लोमा झालेला, हुशार. सॉफ्टवेअरमध्ये काम 'एफर्ट ड्रिव्हन' असेल तर दुसरं नाव जोडताच दहा दिवसांचे पाच होतात. पट्टी डोळ्यांदेखत आखडते, बघायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात पहिला पंधरवडाभर त्याला ऑफिसची लेयरची पद्धत, सळई दाखवायची पद्धत, बार बेंडिंग शेड्युल (सळया कशा कापायच्या-वाकवायच्या त्याची यादी) हे शिकवलं कुणी? ताईंनीच. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणकप्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. बांधकामाच्या ड्रॉइंगांनाही ते लागू पडतं. मुलगा गणपतीपर्यंत तयार झाला आणि आता बंगले तोच बघतो. पण मेमध्ये त्याचा उपयोग उणे होता.

तर मग मी लेव्हलिंगचं बटण वापरते का? वापरते, आणि दर सोमवारी वापरते. पण तारखा ठरवायला नाही, बिल काढायला. फाइलची एक प्रत करते, अग्रक्रम जसे तोंडी सांगितले जातात तसे घालते, बटण दाबते. बाणेर आधी घेतलं तर शाळा नऊ दिवस मागे. शाळा आधी घेतली तर बंगला तीन आठवडे मागे. दोन्ही कागद छापून सरांच्या टेबलावर ठेवते आणि मूळ फाइलला हात लावत नाही. सरांना हे आवडत नाही. पहिल्यांदा म्हणाले, "हे तू ठरव ना, सॉफ्टवेअर कशाला घेतलंय?" मी म्हटलं, "सर, सॉफ्टवेअरने सांगितलंय. फोन कुणाला करायचा तेवढं तुम्ही सांगा." जरा वेळ दोन्ही कागद बघत बसले. मग शाळेच्या आर्किटेक्टला स्वतः फोन केला. तिकडून कळलं की त्यांचा खोदकामाचा ठेकेदारच अजून आलेला नाही, आठ-दहा दिवस इकडेतिकडे चालतील. इतके दिवस आम्ही ज्या तारखेसाठी ताईंना बसवत होतो, ती तारीख पलीकडे कुणालाच लागत नव्हती. असं फार वेळा होतं हेच खरं. मागणाऱ्याने तारीख सवयीने मागितलेली असते आणि देणाऱ्याने भीतीने दिलेली.

मॅक्स युनिट्सचा वाद मात्र अजून चालू आहे. माझं म्हणणं असं की ताईंपुढे १०० लिहूच नये, ८० लिहावं. आमच्याकडे सकाळी साडेदहाला फोन येतो, "ताई, उद्या स्लॅब आहे, जिन्यापाशी सळई बसत नाहीये." ताईंना सगळं सोडून ते ड्रॉइंग उघडून सांगावं लागतं, कारण उद्या काँक्रीट पडलं की ते पडलं. असे फोन प्लॅनमध्ये घालता येत नाहीत, पण ते येणार हे नक्की असतं. ज्या कामाची वेळ ठाऊक नाही पण जे होणारच आहे, त्याला जागा ठेवायची तर दिवस पूर्ण भरून चालत नाही.

सर म्हणाले, "मग वीस टक्के पगार कशाचा देतोय मी?"

मी महिनाभर ताईंच्या टेबलावर एक कागद ठेवला होता. साइटचा फोन आला की वेळ लिहायची, फोन ठेवला की वेळ लिहायची. तो सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून, वरपासून खालपर्यंत वाचला. दोन ठिकाणी स्वतःचं नाव दिसलं, कारण 'जरा पटकन प्रिंट काढून दे' हे फोन त्यांचेही होते.

मग आम्ही ८५ वर आलो.